बुडबुड्याचा बार

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पाण्याखालचे आवाज ऐकणारे लोक एका कडकडाटाने हैराण झाले होते. उष्ण, उथळ समुद्रात वाळक्या काटक्या पेटल्यासारखा आवाज रात्रंदिवस चालू असे. हे काम जेमतेम बोटाएवढ्या कोळंबीचं निघालं.

ही कोळंबी अल्फिडे कुळातली; त्यातल्या सहाशेहून अधिक जाती आज माहीत आहेत. बहुतेकींची एक नांगी साधी आणि दुसरी जवळजवळ अर्ध्या अंगाएवढी. थोरल्या नांगीच्या हलत्या बोटावर एक दट्ट्या असतो आणि समोर तो नेमका बसेल अशी खोबण. कोळंबी नांगी उघडून स्नायू ताणते आणि सोडते. एका मिलिसेकंदाच्या आत नांगी मिटते, खोबणीतल्या पाण्याची चिळकांडी सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगाने सुटते. तिच्या वेगामुळे दाब इतका उतरतो की पाण्यात वाफेचा बुडबुडा फुगतो, आणि लगेच भोवतालच्या दाबाने चिरडला जातो. आवाज होतो तो तेव्हा.

नांगीचे दोन भाग आपटून आवाज होतो, अशीच समजूत होती. २००० साली अतिवेगवान कॅमेऱ्याने ती मोडली. पुढच्याच वर्षी कळलं की चिरडताना त्या बुडबुड्यातून प्रकाशही बाहेर पडतो. डोळ्यांना दिसणार नाही इतका क्षणिक, पण त्यावरून आतलं तापमान निदान ५००० केल्विन असावं असा हिशेब निघाला. अशा धक्क्याने जवळचा छोटा खेकडा किंवा मासा सुन्न होतो. मग शिकार बिळात ओढायची. शेजारणीला दम द्यायलाही हाच बार.

थोरली नांगी तुटली तर? मला या कुळातली सगळ्यात अजब गोष्ट हीच वाटते. कात टाकता टाकता धाकटी नांगी वाढून बंदूक होते आणि तुटलेल्या जागी नवी, साधी नांगी उगवते. डावखुरी कोळंबी उजवी झाली म्हणायची!

राहायला प्रवाळ, समुद्री गवत, चिखल, कालवांचे थर, काहीही चालतं. वाळूत बीळ खणणाऱ्या काही जातींची नजर अधू असते. त्या गोबी माशाला बिनभाड्याने जागा देतात आणि बाहेर पडताना एक मिशी त्याच्या अंगाला टेकवून ठेवतात. माशाने शेपटी थरथरवली की दोघंही आत.

सिनाल्फिअस वंशातल्या पुष्कळ जाती जिवंत स्पंजाच्या पोकळ्यांत राहतात. त्यातल्या सिनाल्फिअस रेगॅलिसच्या वसाहतीत शेकडो कोळंब्या असल्या तरी अंडी घालणारी राणी एकच, मधमाश्यांसारखी. समुद्री प्राण्यांत असा संसार पहिल्यांदा नोंदला गेला तो १९९६ साली, मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या प्रवाळांत. परका घुसला की आधी एक पहारेकरी बार काढते. तेवढ्याने तो हटला नाही, तर स्पंजभर विखुरलेल्या कोळंब्या तालात कडकडाट सुरू करतात: घर भरलेलं आहे.