हुसेनांचे पंढरपूर, मुंबईच्या गॅलऱ्या आणि सोलापूर : एक पार्श्वभूमी

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचे ‘ग्राम यात्रा’ हे चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. हुसेन जन्माने पंढरपूरचे, त्यामुळे सोलापूर जिल्ह्यात या आकड्याची चर्चा होणे साहजिक होते. पण आकड्यापेक्षा त्या चित्राचा प्रवास जास्त सांगून जातो. जवळपास चौदा फूट लांबीचे, गावगाड्याची तेरा दृश्ये असलेले हे चित्र १९५४ चे. त्याच वर्षी ते लिऑन व्होलोडार्स्की नावाच्या डॉक्टरांनी घेतले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी ते दिल्लीत आले होते. पुढे चित्र नॉर्वेला गेले, १९६४ मध्ये ऑस्लोच्या रुग्णालयाला मिळाले आणि कित्येक दशके तिथल्या भिंतीवर, कलाजगताच्या नजरेआड राहिले. एका परदेशी डॉक्टरला ते आवडले, एवढ्यावर त्याचे भवितव्य ठरले.

त्या काळी दुसरी वाटही फारशी नव्हती. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून होते, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून. वार्षिक प्रदर्शने भरत, पदके मिळत. मात्र एखाद्या चित्रकाराचे काम वर्षानुवर्षे सांभाळणारे, त्याच्यासाठी ग्राहकाशी बोलणारे कोणी नव्हते. ती उणीव आधी भरून काढली ती नाझींच्या छळामुळे युरोप सोडून आलेल्या माणसांनी. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन, संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर या तिघांनी १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधल्या तरुणांना घरी बोलावले, त्यांच्यावर लिहिले, त्यांची चित्रे विकत घेतली. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे ही नावे आज आपण सहज घेतो. त्यांच्यामागे या तिघांची मेहनत आहे आणि ती मराठीत फार थोड्यांनी सांगितली आहे.

याच मंडळींच्या वर्तुळात केकू गांधी होते. त्यांचा धंदा चित्रांच्या फ्रेमांचा, दुकानाचे नाव केमोल्ड. फ्रेम करायला चित्र येई, दुकानात लागे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडे आणि कधी तिथेच विकले जाई. १९६३ मध्ये केकू आणि खोर्शेद गांधी यांनी जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली. खालची जहांगीर १९५२ ची, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिलेली.

एकाच इमारतीत दोन व्यवस्था नांदत होत्या, आणि त्यांतला फरक समजून घेतला पाहिजे. जहांगीरचे दालन भाड्याने मिळते. चित्रकार अर्ज करतो, कित्येकदा काही वर्षे थांबतो, नंबर लागला की आठवडाभर स्वतः चित्रे लावतो, स्वतः बसतो आणि उरलेली चित्रे बांधून परत नेतो. खासगी गॅलरी चित्रकार निवडते. न विकल्या जाणाऱ्या वर्षांतही त्याच्या पाठीशी राहते, कॅटलॉग काढते, कोणते चित्र कधी कुणाकडे गेले याची नोंद ठेवते आणि विक्रीतला आपला वाटा घेते. नंतर आलेल्या आंतरराष्ट्रीय गॅलऱ्या या दुसऱ्या प्रकारातून वाढल्या.

उदारीकरणानंतर चक्र वेगाने फिरले. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला बोस पाचिया ही भारतीय समकालीन कलेची गॅलरी निघाली. नव्या शतकात बोधी आर्टने सिंगापूर, मुंबई, दिल्ली, न्यूयॉर्क, बर्लिन असा पसारा मांडला आणि २००८ च्या मंदीत तो आवरावा लागला. २००६ मध्ये कुलाब्यात मिरचंदानी + स्टाइनरुके ही मायलेकींची गॅलरी सुरू झाली. लेकीचा बर्लिनमधला अनुभव गॅलरीच्या पाठीशी होता. दिल्लीचा कलामेळा २००८ चा, कोचीचे बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारे कलाप्रदर्शन) २०१२ चे, महालक्ष्मी रेसकोर्सवरचा आर्ट मुंबई मेळा २०२३ चा. बोधीच्या अनुभवावरून मला वाटते, किती शहरांत पाट्या लागल्या यावर गॅलरीचे मोल ठरवू नये. पडत्या काळात ती चित्रकाराजवळ थांबली का, हे बघावे.

सोलापूर यात कुठे आहे? हाताच्या कसबात कुठेच कमी नाही. दलाल स्ट्रीटवर शेअर बाजारासमोरचा ब्राँझचा बैल सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी घडवला. काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी लुगड्याच्या काठापर्यंतचे बारकावे उभे करणारे शशिकांत धोत्रे याच जिल्ह्याचे. शिकायला, दाखवायला, विकायला मात्र रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरायची आणि सकाळी सीएसएमटीला उतरायचे, हाच इथल्या मुलांचा रस्ता राहिला. आता पुणेही जवळचे ठाणे झाले आहे. तिथे बालगंधर्व कलादालन आहेच, शिवाय कोरेगाव पार्कात विदा हैदरी यांच्या गॅलरीत परदेशी चित्रकारही लागतात.

माझ्या मते सोलापूरचा सर्वांत भक्कम दावा रंगांपेक्षा मागावर आहे. १८७७ ची जुनी गिरणी आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर यांच्यामुळे पूर्व भागात एक वेगळीच चित्रभाषा रुजली. इथल्या वॉल हँगिंगवर शिवाजी महाराज, गांधीजी, विठ्ठल विणले जातात. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणण्याची यंत्रणा असलेल्या मागावर, विणायचे तर आधी चित्र ग्राफ पेपरवर चौकोना-चौकोनांत मांडतात. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात. एकेक पट्टी सरकते तसे ताण्याचे, म्हणजे उभे, ठरावीक धागे उचलले जातात आणि त्यांच्यामधून धोटा बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन जातो. डोळ्याची बाहुली चार धाग्यांत बसवायची की सहा, हा निर्णय चित्रकाराचाच असतो.

मुंबईच्या मोनिका कोरिया यांची हातमागावर विणलेली कामे झवेरी कंटेम्पररी ही गॅलरी दाखवते आणि ती परदेशी संग्रहालयांपर्यंत पोहोचली आहेत. म्हणजे विणलेल्या कापडाकडे कला म्हणून बघायला आंतरराष्ट्रीय गॅलरी केव्हाच तयार झाली आहे. आपल्या वॉल हँगिंगवर मात्र विणकराची सही क्वचितच दिसते. कोणी विणले, कोणत्या साली, डिझाइन कुणाचे, माग कोणता, या चार नोंदी प्रत्येक कामामागे शिवल्या गेल्या पाहिजेत. गॅलरीवाला दारात आला की पहिल्यांदा हेच विचारेल.