काविळीची साथ आणि फ्रीजरमधलं रक्त

कोल्हापूरकडे घरात कुणाला कावीळ झाली की आधी उसाचा रस येतो आणि मग कुणीतरी काविळीचं गावठी औषध देणाऱ्याचा पत्ता सांगतं. महिनाभरात डोळ्यांचा पिवळेपणा ओसरतो आणि औषधवाल्याचं नाव होतं. दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची आपसूकच बरी होते, हे त्या बिचाऱ्या यकृताच्या खात्यावर कुणी मांडत नाही.

२०१२ मध्ये मात्र इचलकरंजीत घरोघरी कावीळ झाली, माणसं दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने तपासणी केली तेव्हा विषाणू निघाला हिपॅटायटिस ई, यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंपैकी एक. हे निदान तेव्हा चटकन झालं, पण त्यामागची शोधाशोध काही दशकांची आहे. त्यातला मोठा वाटा एनआयव्हीतल्या डॉ. विद्या अरणकल्ले यांचा. त्यांच्या संशोधनाचा बराचसा काळ या एका विषाणूमागे गेला.

गोष्ट दिल्लीपासून सुरू होते. १९५५ च्या पुरात यमुनेचं पात्र सरकलं आणि शहराचं सांडपाणी पिण्याचं पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचलं. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाण्यातून आलेली कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ए, असं सगळ्यांनी धरून चाललं. एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. आपल्याकडे ए विषाणू बहुतेकांना लहानपणीच गाठून जायचा आणि एकदा तो होऊन गेला की जन्मभराचं संरक्षण मिळतं. मग तरणीताठी माणसं एवढ्या संख्येने आजारी का पडावीत?

उत्तर साठवलेल्या रक्तात होतं. दिल्लीच्या साथीतले काही नमुने जपून ठेवले होते. १९८० मध्ये त्यांची नव्या चाचण्यांनी तपासणी झाली आणि ती साथ ए ची नव्हतीच, हे उघड झालं. त्या कामात एनआयव्हीच्या डॉ. खुर्शीद पावरी होत्या. त्याच वर्षी डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनीही काश्मीरमधल्या साथीवरून हाच निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडला. पुढे रशियन विषाणूतज्ज्ञ मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेतून काढलेला अर्क चक्क स्वतः घेतला, त्यांना कावीळ झाली आणि स्वतःच्याच विष्ठेत त्यांना या नव्या, पुढे ‘ई’ म्हणून ओळखल्या गेलेल्या विषाणूचे कण दिसले. हे शौर्य की वेडेपणा, मला ठरवता येत नाही. आजची कुठलीही नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही.

अरणकल्ले आणि सहकाऱ्यांचं काम इतकं नाट्यमय नाही, पण मला ते जास्त मोलाचं वाटतं. देशातल्या १७ साथींमधले नमुने त्यांनी तपासले. त्यातल्या १६ साथी प्रामुख्याने ई च्या निघाल्या. एक ना ए ची, ना ई ची. मग त्यांनी पुण्यातल्या निरोगी लोकांचं वयानुसार रक्त तपासलं. ए ची प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची रक्तातली खूण, जवळपास सगळ्या मुलांत सापडली, ई ची मात्र लहान मुलांत फारच थोडी. तरुण वयात ती सुमारे ४० टक्क्यांपर्यंत चढत गेली. पाणी तेच, नळ तोच, दोन्ही विषाणू विष्ठेतूनच पसरणारे, तरी मुलं ई पासून इतकी लांब कशी राहतात? याचा समाधानकारक उलगडा अजून झालेला नाही. हा विषाणू डुकरांकडून येतो, असाही संशय होता. पण आपल्याकडच्या डुकरांत या विषाणूचा चौथा जनुकीय प्रकार सापडला आणि माणसांच्या साथींत पहिला. म्हणजे आपल्या साथींचं खापर डुकरांवर फोडता येत नाही. गटाराचं पाणी नळात येतं, ते माणसांचंच.

ते येतं कसं, हे इथल्या कुणालाही कळेल. नळाला पाणी ठरावीक वेळच येतं. पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतला दाब उतरतो आणि शेजारून वाहणाऱ्या गटाराचं पाणी फुटक्या जोडातून आत ओढलं जातं. काळम्मावाडीहून थेट पाइपलाइनने धरणाचं पाणी कोल्हापूर शहरापर्यंत आलं, हे चांगलंच. पण गल्लीतल्या जुन्या वाहिनीचा जोड फुटका असेल, तर त्या पाण्याचाही शेवटच्या काही फुटांत घात होतो.

साथीच्या तपासात खरी अडचण येते ती काळाची. हा विषाणू शरीरात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत साधारण पाच-सहा आठवडे जातात. रुग्ण दवाखान्यात येतो तोवर गळती बुजवलेलीही असते आणि आजच्या पाण्याचा नमुना स्वच्छ निघतो. म्हणून साथरोगतज्ज्ञ नळाआधी माणसांना विचारतात: दीड महिन्यापूर्वी पाणी कुठलं प्यायलात, गढूळ आलं होतं का, खोदकाम कुठे चाललं होतं? मग नकाशावर घरं मांडतात आणि ती कुठल्या टाकीच्या वाटेवर येतात ते बघतात.

यात सगळ्यात आधी यादी करायची ती गरोदर बायकांची. इतरांना हा आजार सहसा सोडून देतो, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला झाला तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. चीनमध्ये २०११ साली या विषाणूवरच्या लशीला मान्यता मिळाली. आपल्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. तोवर गरोदर बाईच्या घरी पाणी उकळूनच प्यायला हवं आणि तिचे डोळे पिवळे दिसले की उसाच्या रसाची वाट न पाहता तिला थेट मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं.