विहीर बंद करण्यापूर्वीच्या उत्पादनाची नोंद आम्ही का मागतो?

तेलविहीर काही काळ बंद ठेवून तिच्यातील दाब कसा वाढतो हे मोजणाऱ्या प्रेशर बिल्डअप चाचणीची माहिती विश्लेषणासाठी आमच्या पुण्यातील कार्यालयाकडे पाठवणारे बहुतेक ग्राहक गेजची (विहिरीत सोडलेल्या दाबमापकाची) फाइल व्यवस्थित पाठवतात. मात्र विहीर बंद करण्याआधी ती किती तेल, वायू आणि पाणी देत होती, याचा तपशील मागितला, की ‘चाचणी तर बंद विहिरीची आहे, मग आधीचे उत्पादन कशाला हवे?’ असा प्रश्न हमखास येतो.

विहीर बंद केल्यावर दाब किती आणि कसा वाढतो, हे आधीच्या उपशावरच ठरते. या दाबवाढीच्या विश्लेषणासाठी १९५१ साली हॉर्नर यांनी मांडलेल्या आलेखात दाबाच्या रेषेचा उतार मिळतो. त्या उतारावरून खडकाची पारगम्यता (त्यातून द्रव किती सहज वाहतो ते) आणि थराची जाडी यांचा गुणाकार काढताना उत्पादनाचा दर थेट समीकरणात येतो. प्रत्यक्ष दर दिवसाला ८० घनमीटर असताना महिन्याच्या सरासरीवरून १०० कळवला, तर हे उत्तर २५ टक्क्यांनी फुगते, आणि गेज कितीही अचूक असले तरी ही चूक त्याच्या फाइलमध्ये दिसत नाही.

सर्वाधिक वेळ जातो तो शेवटच्या काही तासांतील न कळवलेल्या बदलांमुळे. समजा, दीर्घकाळ ८० घनमीटर देणाऱ्या विहिरीत गेज सोडण्यासाठी चोक (प्रवाह कमी-जास्त करणारी झडप) लहान करून दर ६० वर आणला, तशीच ती आठ तास चालवली आणि मग ७२ तासांसाठी बंद केली. हा बदल शिफ्टच्या रजिस्टरात असतो, पण आमच्यापर्यंत येत नाही. सुरुवातीपासून ६० हाच दर धरून विश्लेषण केले, तर डेरिव्हेटिव्हचा, म्हणजे वेळेच्या लॉगॅरिदमनुसार दाबबदलाचा वेग दाखवणारा, वक्र एका पातळीवर स्थिरावण्याऐवजी हळूहळू जवळजवळ एकतृतीयांशाने वर चढतो, आणि विहिरीपासून काही अंतरावर खडक निकृष्ट आहे किंवा एखादा अडथळा आहे, असा भास होतो. अशा भासावर पुढच्या विहिरीची जागा ठरणे आम्हाला मान्य नाही. म्हणूनच नोंद अपुरी असेल तर आम्ही काम थांबवून विचारणा करतो. हा विलंब काही ग्राहकांना जाचक वाटतो, याची आम्हाला कल्पना आहे. तरीही अंदाजाने दर भरून अहवाल देण्याची पद्धत आम्ही ठेवलेली नाही.

तेव्हा कृपया चोकमधील प्रत्येक बदल, मधली तात्पुरती बंदी आणि सेपरेटरवरील (तेल, वायू आणि पाणी वेगळे करणाऱ्या टाकीवरील) मोजणी वेळेसह पाठवावी. बंद करण्यापूर्वीच्या शेवटच्या काही दिवसांची नोंद तासागणिक असावी, त्याआधीची रोजची चालेल. रजिस्टरातील वेळ आणि गेजचे घड्याळ यांत फरक असल्यास तोही कळवावा. टंकलिखित तक्त्याची गरज नाही, रजिस्टरच्या पानांचे स्वच्छ फोटो पुरतात.

चाचणीचा आराखडा विहीर बंद करण्यापूर्वी पाठवल्यास, ती किती तास बंद ठेवावी आणि त्याआधी दर किती काळ स्थिर राखावा, हे आम्ही वेगळे शुल्क न घेता कळवतो. बंद काळातील उत्पादनाचे नुकसान ग्राहकालाच सोसावे लागत असल्याने ही विचारणा आधी झालेली बरी.