डेन्मार्कमधील गटप्रकल्प आणि गटपरीक्षेचा वाद : पार्श्वभूमी

एखाद्या सेमिस्टरसाठी देवाणघेवाण कार्यक्रमातून डेन्मार्कच्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्याची तिथल्या संस्कृतीशी खरी गाठ पडते ती वर्गात. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारली जाते, चालू व्याख्यानात शंका विचारल्याचे कुणाला वावगे वाटत नाही, आणि अनेक अभ्यासक्रमांत सुरुवातीच्या आठवड्यांतच गट करून प्रकल्पाचा विषय विद्यार्थ्यांनाच ठरवावा लागतो. हा डॅनिश लोकांचा समतावादी स्वभाव आहे, असे पाहुण्या विद्यार्थ्याला सांगितले जाते. स्वभावाचा भाग त्यात असेलही; परंतु आज दिसणारी ही पद्धत गेल्या पन्नास-साठ वर्षांतील ठरावीक निर्णयांतून घडली आहे, आणि त्यांपैकी एक निर्णय, म्हणजे संपूर्ण गटाची एकत्र तोंडी परीक्षा घेण्याचा, आधी फिरवला गेला व नंतर पुन्हा पूर्ववत झाला.

या पद्धतीची जुनी मुळे लोकविद्यालयांच्या चळवळीत सापडतात. 1844 मध्ये र्‍योडिंग येथे शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी असे पहिले निवासी विद्यालय सुरू झाले. परीक्षा आणि गुण बाजूला ठेवून संवादातून शिकवणे हे या चळवळीचे वैशिष्ट्य होते. 1864 च्या युद्धात श्लेसविग आणि होल्स्टाइन हे प्रांत गमावल्यानंतर या विद्यालयांचा प्रसार वाढला. 1921 मध्ये हेल्सिंगोर येथे याच धर्तीवर निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांनी एकत्र राहून शिकावे यासाठी विद्यालय निघाले. महायुद्धाने दुभंगलेल्या युरोपात सामायिक जेवणाचे टेबल हीच त्याची मुख्य कल्पना होती.

विद्यापीठांमध्ये मात्र 1968 पर्यंत प्राध्यापकांचाच शब्द अखेरचा असे. त्या वसंतात कोपनहेगनमधील मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपला विभाग ताब्यात घेतला आणि अभ्यासक्रम ठरवण्यात वाटा मागितला. 1970 च्या कायद्याने विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांना प्रतिनिधित्व मिळाले. त्यानंतर 1972 मध्ये रोस्किल्ड आणि 1974 मध्ये ऑलबॉर्ग येथे नवी विद्यापीठे उभी राहिली, ती गटप्रकल्पालाच शिक्षणाचा कणा मानून. रोस्किल्डमध्ये विद्यार्थ्यांना ‘घरां’मध्ये विभागले जाई, प्रत्येक घराला गटांच्या खोल्या आणि स्वतःचे स्वयंपाकघर असे. पुस्तकातील धड्याऐवजी प्रत्यक्ष समाजातील एखादा प्रश्न घ्यायचा, त्याला लागेल ती विद्याशाखा धुंडाळायची आणि अखेरीस सर्वांनी मिळून एकच प्रबंध लिहायचा, अशी ही रीत होती. डाव्या विचारांचा अड्डा अशी टीका रोस्किल्डवर सुरुवातीपासून झाली आणि ते बंद करण्याची मागणी सत्तरच्या दशकातच संसदेपर्यंत पोहोचली.

या रीतीचा स्वाभाविक शेवट म्हणजे गटपरीक्षा. सर्व सदस्य, मार्गदर्शक आणि बहुधा बाहेरचा परीक्षक एकाच टेबलाभोवती बसतात. खुणेच्या चिठ्ठ्या लावलेल्या प्रबंधाच्या प्रती समोर असतात. प्रत्येकजण थोडा वेळ आपले म्हणणे मांडतो आणि मग खुली चर्चा होते. एकाचे उत्तर अपुरे राहिले तर दुसरा ते पुढे नेतो, प्रसंगी खोडूनही काढतो. त्यानंतर विद्यार्थ्यांना बाहेर थांबवले जाते आणि थोड्याच वेळात आत बोलावून निकाल तोंडी सांगितला जातो. जर्नल तपासून एकेकाची तोंडी परीक्षा घेण्याची पद्धत अंगवळणी पडलेल्या आपल्याकडच्या विद्यार्थ्याला हा प्रकार सर्वाधिक अनोळखी वाटतो.

हीच परीक्षा तत्कालीन उजव्या आघाडीच्या सरकारने 2006 मध्ये रद्द केली. गटाने प्रकल्प करण्यास मनाई नव्हती. परीक्षा मात्र प्रत्येकाची स्वतंत्र घ्यावी, असा नियम झाला. हुशार विद्यार्थ्यांच्या आडोशाने कमकुवत विद्यार्थी तरून जातात आणि पदवी ही व्यक्तीला मिळत असल्याने तपासणीही व्यक्तीचीच हवी, अशी सरकारची भूमिका होती. हा आक्षेप निराधार नव्हता. गटात काम केलेल्या कुणालाही त्यातील तथ्य नाकारता येणार नाही. परंतु उपाय चुकीच्या ठिकाणी केला गेला. जे ज्ञान चर्चेतून तयार झाले ते चर्चेशिवाय तपासायचे, म्हणजे ज्या कौशल्यासाठी पूर्ण सेमिस्टर खर्च केले नेमके तेच परीक्षेतून वगळायचे. त्यातच पाच जणांच्या एका परीक्षेच्या जागी पाच परीक्षा आल्या आणि एकाच प्रबंधावरचे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जाऊ लागले. विद्यार्थी संघटनांनी विरोध करणे अपेक्षितच होते. पण सहकार्याने काम करणारे पदवीधर हवे असलेल्या उद्योगक्षेत्रातूनही नाराजी व्यक्त झाली, ही बाब अधिक बोलकी होती.

2011 मध्ये सत्तांतर झाले आणि 2012 मध्ये बंदी उठली. गटपरीक्षा परतली, तरी गुण प्रत्येकाला वेगळे देण्याचे बंधन कायम राहिले. मधल्या काळात, 2007 मध्ये, विद्यापीठांत नवी सात पायऱ्यांची गुणश्रेणी आली होती; ती 12 पासून उणे 3 पर्यंत उतरते. जुन्या श्रेणीतील सर्वोच्च 13 हा गुण असाधारण कामगिरीसाठी राखीव होता आणि परदेशी पद्धतींशी त्याचा मेळ बसत नसे. नव्या श्रेणीमागे युरोपीय गुणांशी तुलना सुलभ व्हावी हा एक प्रमुख हेतू होता, आणि त्याचा थेट लाभ देवाणघेवाणीच्या विद्यार्थ्यांना झाला.

अशा विद्यार्थ्यांची ये-जा 1987 मध्ये सुरू झालेल्या युरोपीय कार्यक्रमाने वाढली. युरोपबाहेरून पूर्ण पदवीसाठी येणाऱ्यांना 2006 पासून शिक्षणशुल्क लागू झाले. विद्यापीठांमधील परस्पर करारातून येणारा विद्यार्थी मात्र आपल्या मूळ विद्यापीठाचेच शुल्क भरतो. त्यामुळे महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी कोणत्या मार्गाने जायचे हे आधीच ठरवणे महत्त्वाचे आहे. 2021 मध्ये इंग्रजी माध्यमाच्या जागा कमी करण्यावर संसदेत बहुमताने सहमती झाली, कारण नोकरी करत शिकणाऱ्या युरोपीय विद्यार्थ्यांना द्याव्या लागणाऱ्या डॅनिश शिष्यवृत्तीचा खर्च वाढत होता. कपातीचा मोठा फटका व्यावसायिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना बसला. 2023 मध्ये मनुष्यबळाच्या टंचाईमुळे इंग्रजी माध्यमाच्या पदव्युत्तर जागा पुन्हा वाढवण्याचे ठरले.