संगीत-सर्व्हर, घरगुती : दूरजोडणी व तिचे बिघाड (बेळगाव सीमाभाग)

घरातल्या संगणकावर साठवलेले संगीत परगावच्या फोनवर किंवा प्रवासात ऐकण्याची व्यवस्था. सर्व्हर म्हणून जुना लॅपटॉप, रास्पबेरी पाय किंवा नॅस-पेटी यांपैकी काहीही चालते. सर्व्हरची उभारणी वाचकाला येते असे येथे धरले आहे. सीमाभागात या व्यवस्थेविषयीची नेहमीची तक्रार ‘घरात वाजतंय, भाईर वाजंना’ अशी असते आणि प्रस्तुत नोंद मुख्यतः तिच्याविषयी आहे. सीमाभाग म्हणजे येथे बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि लगतचा मराठीभाषक मुलूख. (शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी, मराठीत रूढ असलेले ‘बेळगाव’ येथे कायम ठेवले आहे.)

या भागात घरगुती संग्रहाला एक जुनी बैठक आहे. संगीत नाटकाचे अध्वर्यू अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. कुमार गंधर्वांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावीचा. एका बाजूला धारवाड, दुसऱ्या बाजूला मिरज. साहजिकच येथल्या कपाटांत नाट्यगीते, अभंग, कन्नड वचने आणि मैफलींत टेपवर उतरवून घेतलेली खासगी ध्वनिमुद्रणे एकत्र सापडतात. यांपैकी शेवटचा प्रकार कोणत्याही व्यावसायिक स्ट्रीमिंग सेवेवर मिळत नाही. आजोबांच्या कॅसेटी संगणकावर चढवायच्या आणि पुण्या-बंगळुरूला गेलेल्या नातवंडांना त्या ऐकता याव्यात, हा सर्व्हर ठेवण्यामागचा सर्वांत सामान्य हेतू दिसतो.

प्रचलित सर्व्हरांपैकी लायरियन म्युझिक सर्व्हर हा वयाने मोठा. स्लिम डिव्हायसेस या कंपनीच्या स्लिमसर्व्हरपासून तो आला. २००६ मध्ये लॉजिटेकने कंपनी घेतली आणि सध्याचे नाव २०२४ मधले आहे. तो ९००० या पोर्टवर (यंत्रातल्या एकेका सेवेला दिलेल्या क्रमांकावर) ऐकतो; पुढील कंसांतही असेच क्रमांक आहेत. सबसॉनिक (४०४०) व त्याचीच बोली बोलणारा नॅव्हिड्रोम (४५३३), जेलीफिन (८०९६), प्लेक्स (३२४००) आणि रून हे इतर. बिघाडांच्या दृष्टीने त्यांच्यात फरक थोडा आहे, कारण अडथळा बहुधा सर्व्हरमध्येही नसतो आणि अ‍ॅपमध्येही नसतो. तो मधल्या पत्त्यांच्या व्यवस्थेत असतो.

नॅटचा उगम. एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रे लपवणाऱ्या पत्ता-बदल यंत्रणेला नॅट म्हणतात. तिचे जनकत्व नेमके कोणाकडे जाते यावर एकमत नाही. आरएफसी या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतील १६३१ क्रमांकाचा दस्तऐवज (मे १९९४) क्येल्ड एगेवांग व पॉल फ्रान्सिस यांचा असून सामान्यतः तोच आरंभ मानतात. पण पत्ते पुन्हापुन्हा वापरण्याची कल्पना १९९३ च्या एका निबंधात आधीच मांडलेली आढळते. त्याचे लेखक पॉल त्सुचिया व टोनी एंग. त्सुचिया म्हणजेच पुढचे फ्रान्सिस, हे लक्षात न आल्याने काही ठिकाणी एकाच माणसाचे दोन जनक झाले आहेत. तिसरा पक्ष नेटवर्क ट्रान्सलेशन या छोट्या कंपनीच्या पिक्स या यंत्राकडे बोट दाखवतो. ही कंपनी सिस्कोने १९९५ मध्ये विकत घेतली. कल्पना १९९३ ची, तिचे सार्वजनिक वर्णन १९९४ चे आणि बाजारातले यंत्र त्याच सुमाराचे, अशी वाटणी केली तर तिन्ही पक्ष बऱ्याच अंशी जुळतात.

याहून महत्त्वाचा वाद नॅटच्या स्वरूपाचा आहे. मूळ दस्तऐवजाने तिला पत्त्यांच्या टंचाईवरचा अल्पकालीन उपाय म्हटले होते. कालांतराने ‘नॅट म्हणजे सुरक्षा’ असा समज पसरला. बाहेरून येणारी अनाहूत विनंती नॅट टाकून देते हे खरे. पण कोणाला द्यायची हे तिला ठाऊक नसते म्हणून टाकते, धोका ओळखून नव्हे. बाहेरगावच्या पाहुण्याला वाड्याचा पत्ता माहीत आहे, पण आत बिऱ्हाडे वीस आणि पाटी एकाचीही नाही, असा तो प्रकार. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे दारावर पाटी लावणे : ‘४५३३ ची चौकशी करणारा माडीवरच्या बिऱ्हाडाकडे पाठवावा.’

आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. आशिया-प्रशांत विभागाचा, म्हणजे भारताचाही, मोकळा साठा १५ एप्रिल २०११ रोजी शेवटच्या राखीव गटावर आला. त्यानंतर इंटरनेट पुरवणाऱ्यांनी ग्राहकांच्या राउटरांनाही आपल्या मोठ्या नॅटमागे घालण्यास सुरुवात केली; तिला सीजीनॅट म्हणतात. एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ ने तिच्यासाठी १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ असा पट्टा (४१,९४,३०४ पत्ते) राखून ठेवला. पाटी आपल्या दारावर लावली तरी वाड्याच्या बाहेर गल्लीच्या तोंडाशी आणखी एक फाटक असते, आणि त्याची किल्ली आपल्याकडे नसते. सीमाभागातील फायबरजोडण्या बऱ्याचदा केबलवाल्यामार्फत, म्हणजे मोठ्या पुरवठादाराच्या स्थानिक फ्रँचायझीमार्फत येतात. तेथे अशी दोन, क्वचित तीन फाटके लागतात. ‘पोर्ट उघडा’ हा सर्वत्र मिळणारा सल्ला येथे वारंवार फुकट जातो तो यामुळे.

पडताळणी. टिळकवाडीतील एक घर उदाहरणादाखल घेऊ. राउटरच्या स्थितीपानावर ‘वॅन’ (बाहेरची जोडणी) या नावापुढे एक पत्ता असतो, समजा, १००.७२.१५.९. ‘माझा आयपी’ दाखवणारे कोणतेही संकेतस्थळ त्याच घरातून उघडले तर निराळाच पत्ता दिसतो. दोन्ही पत्ते एकच असतील तर पोर्ट फॉरवर्डिंगला अर्थ आहे. ते वेगळे असतील, आणि वॅनचा पत्ता १०, १९२.१६८, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर राउटरमध्ये कितीही खटाटोप केला तरी उपयोग नाही. मात्र दुसरा नॅट घरातलाच असू शकतो. फायबरची पेटी (ओएनटी) स्वतःच राउटर असते आणि तिच्यामागे आपण बाजारातून आणलेला राउटर जोडलेला असतो. अशा वेळी पेटी ‘ब्रिज’ स्थितीत (पत्ते न बदलता नुसती पुढे पाठवणारी) टाकून घेतली की काम होते. रूनचे एआरसी हे अ‍ॅप (२०२२) एकाहून अधिक नॅट आढळल्याचे आपल्या निदानात स्वतःच सांगते. बाकीची अ‍ॅपे नुसतीच गोल फिरत राहतात.

एक घोटाळा येथे नमूद करावा. टेलस्केल हे व्हीपीएनही (दूरच्या यंत्रांना एका खासगी जाळ्यात जोडणारी व्यवस्था) आपल्या यंत्रांना याच १००.६४ पट्ट्यातले पत्ते देते. फोनवर १०० ने सुरू होणारा पत्ता दिसला की तो पुरवठादाराचा समजून त्याला फोन लावणारे भेटतात. पत्ता कोणत्या यंत्राच्या कोणत्या पानावर दिसला, हे आधी पाहावे.

चाचणी घरच्या वाय-फायवर करू नये. बऱ्याच राउटरांना आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येणारी विनंती वळवता येत नाही, त्यामुळे चांगली चाललेली जोडणीही आतून मेलेली दिसते. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर पाहावे.

उपाय. पुरवठादाराकडून मासिक शुल्कावर स्थिर सार्वजनिक पत्ता घेणे हा जुना मार्ग. त्यात सर्व्हर उघड्यावर येतो, म्हणून एचटीटीपीएस (कूटबद्ध जोडणी) प्रमाणपत्र लागते. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असल्याने, आपोआप नूतनीकरण लावले नसेल तर तीन महिन्यांनी एका सकाळी सगळी अ‍ॅपे एकदम रुसतात. साधे एचटीटीपीही पुरत नाही : अँड्रॉइड ९ (२०१८) पासून नव्या अ‍ॅपांना विनासंरक्षण जोडणी मुळातच बंद असते. ब्राउझरमध्ये गाणे वाजते आणि अ‍ॅपमध्ये वाजत नाही, याचे हे एक कारण होय.

दुसरा मार्ग आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीचा. तेथे पत्त्यांची टंचाई नसल्याने नॅटची गरज नाही. राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढी वाट मोकळी करावी लागते. भारतातील मोबाइल जाळी आयपीव्ही६ वर बरीच पुढे गेली आहेत. घरची जोडणी मागे असते, आणि वसतिगृहांचे वाय-फाय त्याहून मागे. त्यामुळे तोच सर्व्हर मोबाइल डेटावर लागतो आणि खोलीच्या वाय-फायवर लागत नाही.

तिसरा मार्ग वायरगार्ड किंवा त्यावर बेतलेले टेलस्केल यांसारखे व्हीपीएन. घरचे यंत्र आतून बाहेर हाक मारते, त्यामुळे गल्लीचे फाटक आड येत नाही. (नुसत्या वायरगार्डला मात्र कोठेतरी एक सार्वजनिक पत्ता लागतोच, भाड्याचा छोटा सर्व्हर ही सोय करतो.) सीमाभागातील परिस्थितीत हा मार्ग सर्वांत कमी कटकटीचा दिसतो. प्रवासातही तो टिकतो. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की शिनोळीला चंदगड तालुका लागतो आणि फोन दूरसंचार खात्याच्या कर्नाटक वर्तुळातून महाराष्ट्र वर्तुळात जातो. चोर्ला घाटातून गोव्याला उतरले तरी तेच, कारण दूरसंचार खात्याच्या नकाशावर गोवा महाराष्ट्रातच मोडतो. अशा ठिकाणी फोनचा पत्ता बदलू शकतो. वायरगार्ड तो बदल पचवून पुढे जाते, साधी जोडणी मध्येच तुटते. घाटात मुळात सिग्नलच नसतो, तेथे आधी उतरवून ठेवलेली गाणीच कामाला येतात.

व्हीपीएनचे दोन बिघाड मात्र चकवतात. पहिला एकसारख्या पत्त्यांचा. घरचे जाळे १९२.१६८.१ चे आणि पुण्यातल्या खोलीचे वाय-फायही १९२.१६८.१ चे असले, तर फोन सर्व्हरला त्या खोलीतच शोधत बसतो. घरच्या राउटरला सुरुवातीलाच १९२.१६८.७३ असा काही आडवळणाचा आकडा द्यावा. दुसरा पाकिटाच्या, म्हणजे एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याच्या, आकाराचा. इथरनेटचे पाकीट १५०० बाइटांचे, पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन चालू होणाऱ्या) जोडणीत ते १४९२ होते. वायरगार्ड प्रत्येक पाकिटामागे आयपीव्ही४ वर ६० आणि आयपीव्ही६ वर ८० बाइट घेते. त्याचा नेहमीचा आकडा १४२०. म्हणजे पीपीपीओईवर आयपीव्ही६ ने गेल्यास हिशेब १४१२ वर येतो आणि आठ बाइट जास्त होतात. लक्षण ओळखू येण्यासारखे आहे : लॉगिन होते, अल्बमांची यादी येते, मुखपृष्ठे अर्धवट उमटतात आणि गाणे शून्य सेकंदावर थांबून राहते. लहान पाकिटे जातात, मोठी अडतात. एमटीयू (पाकिटाची कमाल मर्यादा) १४१२ किंवा सरळ १२८० केला की वाजू लागते.

वेगाची तक्रार त्या मानाने साधी. सीडीचा मूळ प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट. फ्लॅकमध्ये (गुणवत्ता न गमावता आकार घटवणाऱ्या स्वरूपात) तो साधारण निम्मा ते दोनतृतीयांश उरतो. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचा मूळ प्रवाह ४,६०८ किलोबिट. येथे घरच्या जोडणीचा अपलोड मोजायचा असतो, डाउनलोड नव्हे. अपुरा पडल्यास ओपस या आटोपशीर ध्वनिस्वरूपात १२८ किलोबिटवर रूपांतर करून पाठवावे. कॅसेटवरून उतरवलेल्या मैफलीत फरक कळत नाही.

वीज. खानापूरकडच्या पावसाळ्यात लाईट गेली-आली की बिघाडांची एक मालिका सुरू होते. राउटर उठायच्या आत सर्व्हर उठला तर त्याला पत्ता मिळत नाही आणि तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. राउटरने नवा पत्ता दिला तर जुनी पाटी रिकाम्या बिऱ्हाडाकडे बोट दाखवते. त्यासाठी राउटरच्या डीएचसीपीत (पत्ते वाटणाऱ्या सोयीत) पत्ता राखून ठेवावा. बाहेरची डिस्क उशिरा जोडली गेल्यास सर्व्हरला गाण्यांचे फोल्डर रिकामे दिसते आणि पुढच्या तपासणीत काही सर्व्हर सगळी गाणी यादीतून काढून टाकतात. डिस्कवरच्या फायली शाबूत असतात. राउटर व ओएनटी या दोघांना छोटा यूपीएस दिला तर निम्म्या तक्रारी येतच नाहीत.

स्थानिक शोध. घरातच सर्व्हर सापडत नसेल तर आयफोनवर ‘स्थानिक जाळे’ ही परवानगी पाहावी (आयओएस १४, २०२० पासून). पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर यंत्रे एकमेकांना दिसत नाहीत.

देवनागरी नावे. जोडणीचा वाटणारा पण जोडणीचा नसलेला एक बिघाड मराठी संग्रहातच आढळतो. गाणे यादीत दिसते, दाबल्यावर मात्र ‘फाईल सापडत नाही’ असे उत्तर येते. शेजारची गाणी वाजतात. युनिकोडमध्ये ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो : एकसंध, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखेच. जुन्या मॅक डिस्का फाईलनावे सुटी करून साठवीत, लिनक्स जसे मिळेल तसे ठेवतो. त्यामुळे मॅकवरून उचलून आणलेल्या संग्रहात ‘तऱ्हा’ किंवा ‘दुसऱ्या’ हे शब्द नावात असलेल्या फायलीच नेमक्या अडतात. ‘अ‍ॅ’चेही दोन अवतार आहेत, पैकी एकसंध चिन्ह २००८ च्या युनिकोड ५.१ मधले, पण त्याने शोध चुकतो, वाजणे थांबत नाही. नावे एकसंध रूपात बदलून पुन्हा तपासणी केली की प्रश्न सुटतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत भरलेली नावे मात्र अशी सुधारत नाहीत, ती हातानेच पुन्हा टाइप करावी लागतात.