भिंगाला पडदा कशासाठी?

स्कॉटलंडच्या ईशान्य कोपऱ्यात फ्रेझरबर्ग नावाचं मासेमारीचं बंदर आहे. तिथल्या किनेर्ड हेडच्या सोळाव्या शतकातल्या गढीच्या माथ्यावर 1787 साली दिवा लागला आणि गढीचं दीपगृह झालं. आता तिथे दीपगृहांचं संग्रहालय आहे. अशा जागी बहुतेक जण जिना चढले की थेट समुद्राचे फोटो काढायला धावतात. माझं ऐकाल तर आधी समुद्राकडे पाठ करा आणि भिंग बघा.

पहिला दिवा थॉमस स्मिथचा. हा एडिंबरोच्या रस्त्यांवरचे दिवे बनवणारा कारागीर. व्हेलच्या तेलाचे 17 दिवे आणि प्रत्येकामागे आरशाचे तुकडे बसवलेली खोलगट वाटी, अशी त्याची रचना. पण वात उजेड सगळीकडे उधळते, जहाजं मात्र क्षितिजाच्या अरुंद पट्ट्यातच असतात. आरसे उजेड वळवतात खरे, पण त्यातला बराचसा स्वतःच गिळतात.

मग मोठं भिंग लावायचं? ते काही टनांचं होईल, आणि जाड काचही उजेड खातेच. फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने नेमकं ओळखलं, की किरण वळतात ते काचेच्या पृष्ठभागावर. मधली काच नुसतं ओझं. ती काढून टाकायची आणि वक्र कडा तेवढ्या कड्यांसारख्या एकाभोवती एक मांडायच्या. वर-खाली निसटणाऱ्या किरणांसाठी लोलक. काचेच्या आतल्या आत परावर्तन होऊन तेही आडवे होतात. 1823 मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात असं कड्यांचं भिंग पहिल्यांदा लागलं. बारीक अक्षर वाचायला मिळते ती चपटी प्लास्टिकची भिंगपट्टी याच जातीची. नख फिरवलंत तर कड्या लागतात.

मात्र पृथ्वीच्या गोलाईपुढे भिंगाचं काही चालत नाही. दिव्याच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा, त्याला 3.57 ने गुणा. तेवढ्या किलोमीटरवर क्षितिज. समुद्रापासून 36 मीटर उंचीवरचा दिवा पाण्याच्या पातळीवरून जेमतेम 21 किलोमीटरवरून दिसेल. खलाशी डोलकाठीवर चढला, की त्याच्या उंचीचा हिशेब यात वाढतो.

आणि पडदा? आत ठेवलेल्या ज्योतीचे किरण भिंग समांतर करून बाहेर सोडतं. दिवसा सूर्याचे समांतर किरण उलटे आत येतात आणि ज्योतीच्याच जागी एकवटतात. म्हणून दीपगृहाचा रखवालदार पहाटे दिवा मालवला की खिडक्यांचे पडदे ओढायचा. नाहीतर दिव्याच्या खोलीतच आग लागायची.