ग्रीक शोकांतिकेतील नियती आणि हिब्रिस

इ. स. पू. पाचव्या शतकातील अथेन्सच्या शोकांतिकांत नियतीसाठी येणारा मुख्य शब्द ‘मोइरा’. त्याचा मूळ अर्थ वाटा, वाट्याला आलेला हिस्सा. नियती म्हटले की मराठी वाचकाला पूर्वजन्मीचे संचित आठवते. मोइरेमागे मात्र कर्मविपाकाचा हिशेब नसतो. तिथे डेल्फीच्या देवळातून मिळणारा अपोलो देवाचा कौल, म्हणजे भविष्यवाणी, असते किंवा घराण्याला लागलेला शाप असतो.

‘हिब्रिस’चे भाषांतर सर्रास ‘गर्व’ असे केले जाते. ते अपुरे आहे. अथेन्सच्या कायद्यात हिब्रिस हा खटला भरण्याजोगा गुन्हा होता. दुसऱ्याची मानखंडना करायची, तीही स्वतःच्या लाभासाठी किंवा सूड म्हणून नव्हे, तर त्यातल्या सुखासाठी, अशी व्याख्या अॅरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात दिली आहे. म्हणजे हिब्रिस मनात असून भागत नाही, ती कृतीत किंवा बोलण्यात उतरावी लागते. शोकांतिकेची मीमांसा करताना अॅरिस्टॉटल हा शब्द नायकाच्या पतनाचे कारण म्हणून वापरतच नाही. तिथे त्याचा शब्द ‘हामार्तिया’, म्हणजे नेम चुकणे. प्रत्येक नायकाच्या अंगी अहंकार शोधत बसण्याची सवय पुढच्या काळाची आहे, आणि तिच्यामुळे नाटके चुकीची वाचली जातात.

नाटककार ईस्किलसच्या ‘पर्शियन्स’मध्ये (इ. स. पू. 472) मात्र हिब्रिस ठळक आहे. पर्शियाचा राजा झर्क्सिस याने हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर पूल बांधून समुद्राला जखडले, देवळे जाळली. त्याच्या मृत बापाचे भूत सांगते की हिब्रिस फुलली की तिला ‘आते’चे, म्हणजे मती फिरवणाऱ्या अनर्थाचे कणीस धरते आणि कापणी अश्रूंची होते.

ईस्किलसच्याच ‘अॅगमेम्नॉन’मध्ये (इ. स. पू. 458) हीच गोष्ट एका कापडावर घडते. ट्रॉय जिंकून आलेल्या राजा अॅगमेम्नॉनपुढे त्याची राणी क्लायटेम्नेस्ट्रा जांभळ्या रंगाची मौल्यवान वस्त्रे अंथरते. हा रंग समुद्री गोगलगाईंपासून काढत, त्यामुळे तो चांदीच्या मोलाचा. असा मान देवांचा, असे म्हणून राजा आधी नकार देतो. ती विचारते, ट्रॉयचा राजा प्रायम याने काय केले असते? तो चालला असता, राजा कबूल करतो, आणि थोड्या वादानंतर स्वतःही तयार होतो. देवांची नजर लागू नये म्हणून तेवढे जोडे काढायला लावतो! धोका त्याला दिसतो आहे, तरीही तो त्या वस्त्रांवरून महालात शिरतो.

नाटककार सोफोक्लीझचा ईडिपस वेगळा. बापाला मारशील, आईशी लग्न करशील, हा कौल टाळण्यासाठीच तो कॉरिंथ सोडतो. ज्यांना आईबाप समजतो त्यांच्यापासून दूर जातो आणि खऱ्या बापाच्या वाटेत येतो. तिवाट्यावर रथातला म्हातारा त्याच्या डोक्यात दुहेरी टोकाचा पराणा हाणतो, ईडिपस संतापून त्याला ठार करतो. हे घडणार, एवढे कौलाने ठरवले होते. पण स्वतःच्या जन्माचा शोध घ्यायला कौलाने सांगितले नव्हते, तरी तो थांबत नाही. त्याची बायको, म्हणजेच खरी आई, योकास्टा गयावया करते, त्याच्या जन्माचे गुपित जाणणारा मेंढपाळ म्हणतो की आता भयंकर ते सांगायची वेळ आली. ईडिपसचे उत्तर: आणि माझ्यावर ऐकायची, पण ऐकलेच पाहिजे. पुढे डोळे फोडल्यावर तो दोन्ही बाजू वेगळ्या मांडतो: दुःख अपोलोने आणले, घाव घालणारा हात माझाच.

सोफोक्लीझच्याच ‘अँटिगनी’त थीब्जचा राजा क्रेऑन याला कौलाने बांधलेले नाही. अँटिगनीचा भाऊ पॉलिनायकीझ याचे प्रेत उघडे टाकण्याचा हुकूम त्याचाच आणि आंधळा द्रष्टा टायरेसियस याच्या इशाऱ्यानंतर तो बदलणाराही तोच. कोरस, म्हणजे नाटकातला गायकवृंद, त्याला क्रमही सांगतो: आधी भावाला माती दिल्याबद्दल गुहेत कोंडलेल्या अँटिगनीला सोडव, मग मृताला मूठमाती दे. क्रेऑन आधी प्रेताचे अवशेष धुऊन जाळतो, उंच माती रचतो आणि त्यानंतर गुहेकडे वळतो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो.